ॲलर्जीच्या गोळीची ॲलर्जी : चार चित्रांच्या एका तक्त्याची तपासणी

ॲलर्जी म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. विज्ञान प्रदर्शनातले तक्ते, आरोग्यविषयक पुस्तिका, लोकप्रिय लेख, कोठेही पाहा, बहुधा तीच चार चित्रे दिसतात. पहिल्या चित्रात परागकण किंवा धुळीचा कण शरीरात शिरतो. दुसऱ्यात तो एका गोल, दाणेदार पेशीवर, म्हणजे मास्ट पेशीवर, जाऊन बसतो. तिसऱ्यात ती पेशी फुटल्यासारखी होऊन हिस्टामीन बाहेर सांडते आणि ते हिस्टामीन किल्लीसारखे दुसऱ्या पेशीवरच्या कुलपात जाऊन बसते. नाक वाहू लागते, अंगावर पित्त उठते. चौथ्या चित्रात गोळी येते. गोळीतले औषध कुलपाच्या भोकात आधीच जाऊन बसते, हिस्टामीनला जागा उरत नाही, आणि रुग्ण हसतो.

हा तक्ता वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चार चित्रांत एवढे सांगता येणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ही चार चित्रे ज्या संशोधनातून आली ते अव्वल दर्जाचे आहे. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द रूढ केला. हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० पासून हिस्टामीनचे शरीरावरील परिणाम तपासले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोव्हे आणि ॲन-मरी स्टॉब यांनी १९३७ मध्ये पहिले हिस्टामीनविरोधी संयुग दाखविले. या व इतर कामांबद्दल बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परागकण आणि मास्ट पेशी यांच्यामधला दुवा, म्हणजे ‘आयजीई’ हे प्रतिपिंड, अमेरिकेत इशिझाका दांपत्याला आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश यांना १९६६-६७ च्या सुमारास सापडला. तेव्हा तक्त्याच्या प्रत्येक चौकटीमागे कित्येक वर्षांची मेहनत आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. कोणत्याही स्पष्टीकरणाची परीक्षा ते काय सांगते यावरून जशी होते, तशी ते कोणता प्रश्न विचारूच देत नाही यावरूनही होते. वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने विचारले, ‘‘सर, या गोळीचीच ॲलर्जी आली तर?’’ तर तक्ता पाहून कोणीही म्हणेल, की छे, ते कसे शक्य आहे? गोळी तर ॲलर्जीच्या विरुद्ध आहे. पाणी कधी पेट घेईल का? हे उत्तर तर्कशुद्ध वाटते, पण ते चूक आहे. हिस्टामीनविरोधी औषधांची ॲलर्जी येते. क्वचित येते, पण येते. कधी नुसत्या गांधी उठतात, तर अगदी विरळा ओठ-जीभ सुजून, श्वास अडकून, रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. वैद्यकाच्या नियतकालिकांत अशा रुग्णांची वर्णने वेळोवेळी प्रसिद्ध झालेली आहेत.

आता तक्त्यापेक्षा कितीतरी रूक्ष असा एक मजकूर पाहू. सेटिरिझिन हे नाव आज घरोघरी माहीत आहे. शिंका आल्या, पित्त उठले, की हीच गोळी. या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात अशा अर्थाची एक ओळ असते, की सेटिरिझिनची, गोळीतल्या इतर कोणत्याही घटकाची किंवा हायड्रॉक्सिझिनची ॲलर्जी ज्यांना असल्याचे माहीत आहे, त्यांनी हे औषध घेऊ नये. बारीक टाइपातल्या या ओळीत, माझ्या मते, चार रंगीत चित्रांपेक्षा अधिक विज्ञान आहे.

ओळीचा पहिला भाग सांगतो, की या औषधाची ॲलर्जी शक्य आहे. दुसरा भाग सांगतो, की गुन्हेगार औषधच असेल असे नाही. गोळी म्हणजे केवळ औषध नव्हे. तिच्यात भर घालणारे पदार्थ असतात, बांधणारे पदार्थ असतात, वरचे आवरण असते, रंग असतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या अशा पूरक पदार्थांचीही काही थोड्या लोकांना तीव्र ॲलर्जी असते. तिसरा भाग सर्वांत रंजक आहे. सेटिरिझिनच्या पत्रकात हायड्रॉक्सिझिन या दुसऱ्याच औषधाचे नाव का? कारण हायड्रॉक्सिझिन पोटात गेले, की शरीर त्याच्या एका टोकाचे ऑक्सिडीकरण करते. अल्कोहोल गटाचा कार्बॉक्सिलिक आम्ल गट होतो, आणि जे तयार होते तेच सेटिरिझिन. म्हणजे ही मायलेकरे आहेत. लेव्होसेटिरिझिनचे नाते तर याहून जवळचे. सेटिरिझिनचे रेणू उजव्या-डाव्या हातांप्रमाणे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन प्रकारांचे, निम्मेनिम्मे मिश्रण असतात. त्यांतला एकच प्रकार वेगळा केला, की त्याला लेव्होसेटिरिझिन म्हणतात. प्रौढांची नेहमीची मात्रा एकाची १० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याची ५ मिलिग्रॅम का असते, याचे उत्तर येथे मिळते. दहावीच्या पुढच्या वर्गात कार्बनी रसायन शिकविणाऱ्यांना याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. आणि ज्याला सेटिरिझिनने त्रास झाला, त्याला ‘नवे औषध’ म्हणून लेव्होसेटिरिझिन देणे म्हणजे नाव बदलून तेच औषध देणे, हेही त्यातून आपोआप कळते.

नाते यापुढेही जाते. या तिन्ही औषधांत पिपरेझिन नावाचे नायट्रोजनयुक्त वलय आहे, आणि एथिलीनडायामाइन या साध्या रसायनाशी त्याचे रचनेत साम्य आहे. एथिलीनडायामाइन पूर्वी काही मलमांत स्थिरक म्हणून घालत; दम्यावरच्या ॲमिनोफायलिन या औषधातही ते असते. त्यामुळे हायड्रॉक्सिझिनच्या काही देशांतील पत्रकांत ॲमिनोफायलिन आणि एथिलीनडायामाइन यांची ॲलर्जी असणाऱ्यांनाही सावध केलेले असते. एक दम्याचे औषध, एक मलमातला पूरक पदार्थ, एक खाजेवरची गोळी. उपयोग पाहिला तर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, रचना पाहिली तर आहे.

येथे तक्त्याची पहिली चूक हाती लागते. तक्ता औषधाला त्याच्या कामावरून ओळखतो: ‘ॲलर्जीविरोधी’. शरीराची प्रतिकारयंत्रणा पाकिटावरचे नाव वाचत नाही. तिच्यापुढे येतो तो एक रेणू, विशिष्ट आकाराचा, विशिष्ट अणुगट असलेला. तो कोणत्या रोगावर दिला आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. ‘ॲलर्जीच्या गोळीची ॲलर्जी कशी येईल?’ या प्रश्नातला विरोधाभास केवळ शब्दांतला आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी येते यात आपल्याला विरोधाभास दिसत नाही, कारण पेनिसिलिनच्या नावात ‘ॲलर्जी’ हा शब्द नाही, एवढेच.

दुसरी चूक जागेची आहे, आणि शिक्षकांच्या दृष्टीने मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. तक्त्यातली चौथी चौकट नीट पाहावी. औषध कोठे बसले आहे? कुलपाच्या भोकात, म्हणजे हिस्टामीनच्या एच-१ ग्राहीवर. मास्ट पेशीवर नव्हे. साखळीची शेवटची कडी औषधाने अडविली; आधीच्या कड्या जशाच्या तशा आहेत. नळ वाहतोच आहे, फक्त बादलीवर झाकण ठेवले आहे. मग तोच औषधाचा रेणू साखळीच्या पहिल्या टोकाला, परागकणाच्या जागी, जाऊन उभा राहिला तर त्याला कोण अडविणार? शेवटच्या कडीवरचे त्याचे काम आणि पहिल्या कडीवरची त्याची आगळीक या दोन वेगळ्या जागी घडणाऱ्या वेगळ्या गोष्टी आहेत. एक खरी असली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. शिवाय मास्ट पेशीतून एकटे हिस्टामीन बाहेर पडत नाही. ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन आणि इतर अनेक द्रव्ये पडतात, आणि त्यांची कुलपे निराळी आहेत. तेव्हा हिस्टामीनचे एक कुलूप बंद असूनही बाकीचा गोंधळ चालू राहू शकतो.

एक खरीखुरी अडचण मात्र आहे. सेटिरिझिनचे रेणुवस्तुमान सुमारे ३८९. प्रतिकारयंत्रणेला एवढा लहान रेणू सहसा स्वतंत्रपणे जाणवत नाही. तो एखाद्या प्रथिनाला चिकटला, तर त्या जोडीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. कार्ल लँडस्टायनर यांनी अशा अर्धवट प्रतिजनांचा पद्धतशीर अभ्यास केला. पेनिसिलिनचे वलय उघडते आणि प्रथिनाला पक्के जोडले जाते, म्हणून तेथे ही कथा चपखल बसते. हिस्टामीनविरोधी औषधांना अशी सहज जोडणी करणारी कडी नाही, आणि म्हणून त्यांच्या ॲलर्जीचे एकच एक स्पष्टीकरण विज्ञानाने अजून स्वीकारलेले नाही. काही रुग्णांत एकाच रासायनिक कुळातली औषधे त्रास देतात. तेथे रचनेची ओळख हे कारण पटते. काही थोड्यांना मात्र रचनेत साम्य नसलेली तीन-चार हिस्टामीनविरोधी औषधे त्रास देतात. तेथे ते पटत नाही.

या दुसऱ्या गटासाठी एक तर्क मांडला गेला आहे, आणि तो समजून घ्यायचा तर तक्त्यातले कुलूपच बदलावे लागते. खरा ग्राही लोखंडी कुलपासारखा ताठ नसतो. तो सतत दोन रूपांत हेलकावत असतो, एक ‘चालू’, एक ‘बंद’. हिस्टामीन चालू रूपाला आधार देते. हिस्टामीनविरोधी औषध नुसते भोक बुजवीत नाही, तर बंद रूपाला धरून ठेवते. या ग्राहीची त्रिमिती रचना, डॉक्सेपिन हे औषध त्यात बसलेल्या स्थितीत, २०११ मध्ये क्ष-किरण पद्धतीने उलगडली गेली. तर्क असा, की विरळा एखाद्या माणसात ग्राहीची ठेवण अशी असावी, की जे औषध बंद रूपाला धरायचे ते चालू रूपालाच धरते. हे सिद्ध झालेले नाही. पण ताठ कुलपाच्या चित्रात हा तर्क सुचूच शकत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

निदानातही एक गंमत आहे. ॲलर्जी कशाची हे पाहण्यासाठी त्वचेवर संशयित पदार्थाचा थेंब टाकून टोचतात आणि गांध उठते का पाहतात. ही चाचणी करण्यापूर्वी काही दिवस हिस्टामीनविरोधी गोळ्या बंद ठेवायला सांगतात, कारण त्या गांध उठूच देत नाहीत. मग संशयित पदार्थ स्वतःच हिस्टामीनविरोधी असेल तर? गांध उठली नाही याचा अर्थ ॲलर्जी नाही, की औषधाने आपलाच पुरावा पुसला? म्हणून या प्रकरणी नकारात्मक त्वचाचाचणी निर्णायक मानत नाहीत. रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, सर्व तयारी ठेवून अगदी थोड्या मात्रेने औषध देऊन पाहणे हाच मुख्य मार्ग राहतो. हे घरी करून पाहण्याचे काम नव्हे.

कोणी म्हणेल, इतक्या विरळा गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? कोट्यवधी लोक ही औषधे घेतात आणि बरे होतात. हे खरेच आहे, आणि ‘गोळ्या घेऊ नका’ असा संदेश वर्गातून घरी गेला तर तो या लेखाचा पराभव ठरेल. पण विरळा म्हणजे शून्य नव्हे, आणि तक्ता शून्य शिकवितो. समजा, एखादी गोष्ट लाखात एकाला होते. एक कोटी लोकांनी औषध घेतले तर तसे शंभरजण असतील. त्या शंभरांपैकी प्रत्येकजण डॉक्टरांना, घरच्यांना सांगेल, की ‘गोळी घेतल्यावर पित्त वाढते’. ऐकणाऱ्यांच्या मनात चार चित्रांचा तक्ता असेल तर उत्तर ठरलेले: ‘‘पित्त वाढले आहे, आणखी एक गोळी घ्या.’’ धोका आहे तो येथे. माणसाचे खरे निरीक्षण खोटे ठरविले जाते, आणि तेही विज्ञानाच्या नावाने.

उलट बाजूही सांगायला हवी. गोळी घेतल्यावर पित्त वाढले म्हणजे ते गोळीनेच वाढले, असे नाही. माणूस गोळी घेतो तीच मुळी पित्त चढत असताना. गोळीचा परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळात पित्त आपल्या गतीने चढतच असते. ‘यानंतर ते, म्हणून यामुळे ते’ ही तर्कातली जुनी चूक. बहुतेक तक्रारींचा उलगडा असाच होतो. पण तो तपासल्यानंतर व्हावा, तपासण्याआधी नव्हे. दर वेळी गोळीनंतर ठराविक वेळात त्रास होतो का? पित्त नसताना, नुसत्या सर्दीसाठी घेतली तरी होतो का? दुसऱ्या कंपनीच्या त्याच औषधाने झाला होता का? या आठवणी लिहून ठेवून डॉक्टरांपुढे ठेवणे, हे कोणालाही जमण्यासारखे आहे. विज्ञानाची पद्धत म्हणून आपण वर्गात जे शिकवितो ते याहून वेगळे काय आहे?

तक्ता आणखी एक भेद पुसून टाकतो. औषधाने होणारा प्रत्येक त्रास म्हणजे ॲलर्जी नव्हे. जुन्या हिस्टामीनविरोधी गोळ्यांनी झोप येते, कारण मेंदूतही एच-१ ग्राही आहेत. हा दुष्परिणाम झाला. टर्फेनाडिन हे औषध काही परिस्थितीत हृदयाची लय बिघडवत असे, म्हणून १९९८ पर्यंत ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. तीही ॲलर्जी नव्हती. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ रोज घेऊन एकदम थांबविल्यावर काही थोड्यांना काही दिवसांतच तीव्र खाज सुटते. हाही प्रकार ॲलर्जीचा नव्हे. येथे त्रास औषध घेतल्याने नव्हे, थांबविल्याने होतो. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून नावेही वेगवेगळी हवीत.

या तक्त्याची सर्वांत मोठी किंमत मात्र वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागते, आणि ती शाळेच्या आवारातच मोजावी लागू शकते. सहलीत एखाद्या मुलाला गांधीलमाशी चावते, किंवा डब्यातला शेंगदाणा सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, आवाज घोगरा होतो, श्वास लागतो, वारंवार उलटी होते, चक्कर येते. ही ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे आहेत. चौथे चित्र मनात ठसलेला शिक्षक कपाटातली एव्हिल किंवा सेटिरिझिन शोधतो, गोळी देतो आणि वाट पाहतो. ती वाट पाहणेच घातक आहे. पोटात गेलेल्या गोळीचा पुरेसा परिणाम व्हायला तासाभराचा अवधी लागू शकतो, आणि झाला तरी ती खाज व गांधी कमी करते. बंद होणारी श्वासनलिका उघडत नाही, कोसळणारा रक्तदाब सावरत नाही. त्याचे पहिले औषध ॲड्रिनॅलिन. मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत दिलेले त्याचे इंजेक्शन काही मिनिटांत काम करू लागते. तेव्हा मुलाला आडवे करून पाय उंच ठेवणे, श्वास लागत असेल तर टेकून बसवणे, उभे करून चालवत न नेणे, आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात तत्काळ पोचवणे, हे शिक्षकाचे काम. गोळी दिली की कर्तव्य संपले, ही समजूत चौथ्या चौकटीतल्या त्या हसऱ्या चेहऱ्याने रुजविलेली आहे.

मग तक्ता फाडून टाकावा का? नाही. त्याला दोन दुरुस्त्या पुरेत. चौथ्या चौकटीत मास्ट पेशीही दाखवावी, तिच्यातून हिस्टामीनबरोबर इतर रंगांचे ठिपकेही सांडताना दाखवावेत, आणि औषध फक्त एकाच कुलपाशी उभे आहे हे दिसू द्यावे. हसरा चेहरा काढावा. दुसरी दुरुस्ती म्हणजे एक पाचवी चौकट. तीत पहिलेच चित्र पुन्हा काढावे, पण परागकणाच्या जागी एक रिकामे वर्तुळ असावे आणि खाली विचारावे: येथे काय काय असू शकेल? मुले धूळ, अंडे, शेंगदाणा, मधमाशीचा दंश अशी नावे लिहितील. एखादी मुलगी ‘औषध’ लिहील. आणखी एखादी ‘हेच औषध’ लिहील, आणि तेव्हा तिला ‘छे’ म्हणावे लागणार नाही.

याला जोडून एक उपक्रम सुचवितो. मुलांनी घरातल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणाव्यात. गोळ्या नकोत, रिकाम्या पट्ट्याच. त्यांवर मोठ्या अक्षरांत व्यापारी नाव असते आणि लहान अक्षरांत औषधाचे मूळ नाव. मूळ नावांची यादी करावी. सर्दीच्या म्हणून आणलेल्या मिश्रगोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामीन किंवा सेटिरिझिन सापडेल. एकच औषध पाच नावांनी घरात वावरते हे मुलांना दिसेल. ज्याला एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे, त्याने ते व्यापारी नावाने लक्षात न ठेवता मूळ नावाने एका कागदावर लिहून खिशात का बाळगावे, हे मग निराळे सांगावे लागणार नाही. असा त्रास झाल्यास तो नोंदवता येतो हेही सांगावे. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि त्यात डॉक्टरांप्रमाणे रुग्णही नोंद करू शकतात. विरळा गोष्टी विज्ञानाला कळतात त्या अशाच, एकेका नोंदीतून.

सोपे करून सांगणे हे शिक्षकाचे काम आहेच. सोपे करताना काही गाळावेच लागते. पण जे गाळले त्याला परत यायला एक दार उघडे ठेवावे, एवढीच अपेक्षा आहे.